हवा कुठनं येतीय

फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं आधी घरघर केली, मग खाकरल्यासारखा आवाज काढला आणि काळपट तेलाची एक पिचकारी भरतदादाच्या शर्टावर सोडून तो गप्प झाला.

"मेला," दादा म्हणाला.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन बाजांवर माझी होडी उलटी टाकलेली होती. एकटीनं वल्हवायची, शर्यतीची, फायबरची, लांबलचक आणि चवळीच्या शेंगेसारखी निमुळती. बसायच्या जागेमागे तिच्या पोटाला मोठी भेग गेली होती. आदल्या दिवशी बंधाऱ्याच्या अंगाला सरावाला गेले होते. पावसाळ्यात वाहून आलेला एक खडक पाण्याखाली दबा धरून बसलेला. कर्रकन आवाज झाला आणि मांड्यांना गार पाणी लागलं. होडी काठाला आणेपर्यंत मी रडले नाही. काठावर आल्यावर मात्र रडले.

परवावर राज्याच्या संघाची निवड आली होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "यंदा जमलं तर जमलं. न्हाईतर वल्हं माळ्यावर आणि तू कॉलेजात." अण्णा एकदा बोलले की त्यावर पुन्हा बोलत नसत.

दादा कुपवाडच्या एका कारखान्यात होता, फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचा. भेग बघून तो म्हणाला होता, "नुसतं कापड आणि रेझिन थापून भागणार न्हाई. वजन वाढंल आणि पहिल्या जोरालाच सुटंल. याला पिशवी करायला पाहिजे."

पिशवी म्हणजे काय, ते त्यानं मला घरातल्या वस्तूंतूनच दाखवलं. भेगेवर काचेच्या धाग्याचं कापड, त्यात मुरवलेलं रेझिन. त्यावर आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा, म्हणजे काम झाल्यावर वरचं सगळं सोलून काढता येतं. त्यावर फाटक्या ब्लँकेटचा थर, जास्तीचं रेझिन शोषून घ्यायला. सगळ्यात वर शेततळ्याला घालतात तसला प्लॅस्टिकचा कागद, कडेनं काळ्या चिकट पुटीनं होडीला घट्ट चिकटवलेला. मग नळीनं आतली हवा ओढून काढायची. कागद असा आवळतो की एखाद्यानं अंगाची सगळी ताकद लावून दाबून धरावं. रेझिन वाळेपर्यंत तो दाब सोडायचा नाही. ओढलेलं रेझिन पंपात जाऊ नये म्हणून मध्ये एक बंद भांडं हवं होतं. त्यासाठी दादानं आईच्या प्रेशर कुकरच्या झाकणाला दोन भोकं पाडली होती. आई मामाकडं गेली होती, हे त्या कुकरचं दुर्दैव.

सगळं तयार होतं. फक्त हवा ओढणारा, जुन्या फ्रिजमधनं काढलेला तो कॉम्प्रेसर, मेला होता.

"दुसरा पंप कुठं मिळंल?" मी विचारलं.

दादा शर्टावरचं तेल पुसत राहिला. पलीकडून, भिंतीच्या त्या अंगाहून, म्हशीनं रवंथ करता करता फुरफुर केलेलं ऐकू आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"धार काढायचं मशीन," तो हळू आवाजात म्हणाला. "ते तरी काय करतंय? हवाच ओढतंय."

मशीन होतं तात्यांचं. तात्या म्हणजे बाळगोंडा मगदूम, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक, आणि त्या भिंतीच्या अलीकडचे पलीकडच्यांशी बोलत नव्हते. नदीवरच्या मोटारीच्या पाण्याची पाळी, त्यावरून बांधावर झालेली बोलाचाली आणि मग आजीच्या दिवसकार्यात, पाहुण्यांच्या देखत, दोघांच्या तोंडून निघून गेलेले शब्द. मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसापासून अण्णा तात्यांच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं वळवायचे आणि तात्या आमच्या दारावरून. बायकापोरांनीही बोलायचं नाही असा हुकूम दोन्हीकडून सुटला होता.

"मी जाते," मी म्हणाले.

"अण्णा झोपलेत तोवर जा."

रत्नाकाकू गोठ्यात होत्या. हौशी नावाच्या म्हशीच्या पाठीवर पाणी मारून ती घासत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. लहानपणी माझ्या वेण्या त्याच घालायच्या. त्या माझ्याकडं न बघता म्हशीला म्हणाल्या, "हौशे, आज हिकडं कोण वाट चुकलं गं?"

मग मीही हौशीकडं बघून म्हटलं, "हौशे, माझी होडी फुटलीय."

"ऐकलं का हौशे? होडी फुटली म्हणं. मग होडीवाल्याकडं जावं, म्हशीकडं कशाला?"

"हौशे, धार काढायचं मशीन पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत."

काकूंनी आता खरंच मान वर केली. "होडीला धार काढायचं मशीन?" त्या विसरून थेट मलाच बोलल्या आणि लगेच जीभ चावून पुन्हा म्हशीकडं वळल्या. "हौशे, डोकं फिरलंय का बघ हिचं."

मी हौशीला सगळं सांगितलं. भेग, कागद, कुकर, परवाची निवड. रेझिन मशीनमध्ये येणार नाही, दुधाच्या बादलीला आम्ही हात लावणार नाही, फक्त मोटार आणि टाकी पाहिजे. हौशी शेपटीनं माश्या मारत होती. काकू घासत होत्या.

"हौशे," शेवटी त्या म्हणाल्या, "तिला सांग, मशीन काय मी देणार न्हाई. मालक जयसिंगपूरला गेल्यात, त्यांच्या माघारी मी कोण देणारी? पण मी आता वैरण आणायला चाललीय. माझ्या पाठीमागं कोण काय नेतंय ते मला काय ठावं." विळा उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. "पण धारेच्या आत जागेवर दिसलं पाहिजे, एवढं बजाव तिला."

मशीन चाकांच्या गाड्यावर होतं. दादानं आणि मी ते बोळातून ओढत आणलं. दादानं आधी रेझिन न लावता हवा ओढून बघितली. कागद चटकन होडीच्या अंगाला चिकटला, नळीवरच्या दाबमापकाचा काटा चढला आणि टिकला. दादाच्या तोंडावर हसू आलं. मग त्यानं पिशवी सोडवली, रेझिन कालवलं, कापडं मुरवून एकावर एक बसवली, पुन्हा साडी, ब्लँकेट, कागद.

"आता माघार न्हाई," तो म्हणाला. "कालवलेलं रेझिन कुणासाठी थांबत न्हाई. वाळेपर्यंत ही मोटार चालू पाहिजे."

"धारेच्या आत वाळंल?"

"ऊन आहे तोवर वाळायला पाहिजे," असं म्हणून त्यानं मोटार चालू केली.

त्या मोटारीचा आवाज अख्ख्या गल्लीला माहीत होता. रोज दोन वेळा भिंतीपलीकडून यायचा. थोड्याच वेळात अण्णा डोळे चोळत शेडच्या दारात आले.

"हा आवाज आपल्या हिकडनं कसा येतोय?"

त्यांनी गाडा बघितला. त्यावर तात्यांनी रंगानं घातलेलं नाव बघितलं.

"कुणी आणलं?"

"मी," मी म्हणाले.

"अण्णा, आता बंद केलं तर होडी गेलीच म्हणून समजा," दादा घाईनं म्हणाला.

अण्णांनी होडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बाहेर पायरीवर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले.

ऊन कलायला लागलं तेव्हा दादानं काट्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. काटा खाली येत होता. अगदी सावकाश, पण येत होता. कागदाच्या सुरकुत्या सैल पडत होत्या.

"हवा घुसतीय."

आम्ही दोघं कडेकडेनं पुटी दाबत फिरलो. बोटं काळी झाली. काटा खालीच. दादा पुन्हा फिरला, मीही पुन्हा फिरले. मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येईना, कागदाखाली काही दिसेना. रेझिन अजून बोटाला चिकटत होतं. या अवस्थेत दाब गेला तर कापडाचे थर फुगून एकमेकांपासून सुटणार आणि सगळं तासून काढावं लागणार. परवापर्यंत ते होणं शक्य नव्हतं.

भिंतीपलीकडं म्हशी ओरडायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या. धारेची वेळ झाली होती. आणि त्याच आवाजात मोटारसायकल येऊन थांबली.

मग बोळातून पावलं, मागून काकूंचं "अहो, ऐका तरी," आणि आमच्या फाटकाशी तात्या. ते फाटकापाशी थबकले. त्यांचा पाय उचलला गेला आणि पुन्हा बाहेरच टेकला.

"घरात कोन हाय का?" त्यांनी विचारलं. परक्याच्या घरी विचारावं तसं. पायरीवर अण्णा डोळ्यांसमोर बसलेले होते, तरी.

अण्णा हलले नाहीत.

मोटारीचा आवाज काही लपत नव्हता. तात्या आत आले, अण्णांच्या अंगावरून सरळ शेडमध्ये. मशीन, कुकर, नळ्या, आईच्या साडीचा काठ डोकावणारी ती उलटी होडी, हे सगळं बघून ते क्षणभर गोंधळले. मग तरातरा मोटारीकडं निघाले.

"तात्या," मी म्हणाले. "बंद करू नका. परवा निवड आहे माझी."

मी त्यांना 'तात्या' म्हणून हाक मारल्यालाही वर्षं झाली होती. त्यांनीच मला कमरेला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. ते थांबले. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं ते काट्याकडं.

"हे काय?" ते म्हणाले. "एवढ्यावर तर म्हशीच्या सडाला कपसुद्धा धरायचा न्हाई. हवा खातंय कुठंतरी."

"तेच सापडंना," दादा म्हणाला.

"मोटार बंद कर."

"तात्या, अहो—"

"बंद कर म्हंतोय न्हवं! एवढ्या आवाजात काय ऐकू येणार तुला, डोंबल? नळीचा कॉक फिरव, दाब आत कोंडून ठेव, आणि मोटार बंद कर."

दादानं कॉक फिरवला आणि मोटार बंद केली. शेडमध्ये एकाएकी इतकी शांतता झाली की कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. पलीकडं म्हशी ओरडतच होत्या. काकूंना न सांगताच कळलं. त्या वैरण टाकून जनावरांना गप्प करायला पळाल्या.

तात्यांनी टोपी काढली आणि कागदाच्या कडेला कान लावून ते हळूहळू सरकत गेले. काटा उतरतच होता. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्याच्याकडंच बघत होते.

"वरनं न्हाई," तात्या म्हणाले. "आतनं येतंय. दुसरी चीर हाय कुठंतरी, बारकी. दाबानं उघडली असणार."

होडी उलटी असल्यामुळं बसायची जागा जमिनीकडं तोंड करून होती. तात्या जमिनीवर उताणे झाले, दोन बाजांच्या मधून सरपटत आत गेले आणि त्यांचं डोकं होडीच्या पोटात दिसेनासं झालं.

"ऐकू येतंय," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "सूं सूं करतंय. पण माझा हात पोचंना. खांदा वर होत न्हाई माझा. कुणीतरी हात घाला आत."

दादानं सैल पडणारा कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी पुटीचा गोळा हातात घेऊन वाकले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या तळहातावरचा गोळा उचलला.

अण्णा होते.

ते पायरीवरून कधी उठले ते मला कळलं नव्हतं. त्यांनी गुडघे टेकले, जमिनीवर हात टेकवून जरा दम घेतला आणि दुसऱ्या अंगानं सरपटत तेही आत गेले. होडीखालून आता दोन जोड्या पाय बाहेर आले होते. एक अण्णांचे, भेगाळलेले. एक तात्यांचे, चपला घातलेले.

अण्णांचा एक कान ट्रॅक्टरच्या आवाजानं केव्हाच मंद झाला होता. त्यांना तो बारीक आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांचा हात आतून होडीच्या अंगावर चाचपडत असल्याची खरखर तेवढी यायची. काटा आता निम्म्याच्या खाली होता.

"मागं," तात्यांचा आवाज.

खरखर थांबली.

"मागं सरकव हात."

मला वाटलं, अण्णा आता बाहेर येतील. उठून जातील.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"टीचभर. जास्ती झालं. पुढं घे. अजून. हां."

"हितं?"

"जरा डावीकडं. हां, हितंच. दाब."

मी काट्याकडं बघत होते. तो थरथरला आणि थांबला.

"थांबला!" मी ओरडले. "तात्या, थांबला! अण्णा!"

दादानं कॉक उघडून मोटार चालू केली. कागद पुन्हा ताणला, सुरकुत्या तुटतील इतक्या ताठ झाल्या. काटा वर चढायला लागला. मी तिथंच कुकरशेजारी खाली बसले. म्हणून आतलं बोलणं मला ऐकू आलं. दादाला आलं नाही.

"हात कापतोय तुझा," तात्या म्हणत होते.

"वय झालं."

"कधीपासनं?"

"झालं वर्ष. तुझा खांदा?"

"माडीवरनं पडलो. मशीन काय हौसेनं घेतलं व्हय."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

थोड्या वेळानं दोघं आपापल्या बाजूनं बाहेर आले. केसांत धूळ, अंगाला माती. एकमेकांकडं न बघता दोघांनी कपडे झटकले.

म्हशींनी पुन्हा सूर लावला. मशीन तर इथं अडकलेलं. काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "आता कशी काढायची धार? माझ्या एकटीच्यानं एवढी जनावरं उरकायची न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि या वेळी मध्ये म्हैस नव्हती.

अण्णा हौदावर गेले. कोपरापर्यंत हात धुतले, घासून घासून, नखांतली पुटी निघेपर्यंत. कोपऱ्यातली आमची जुनी पितळी चरवी घेतली आणि फाटकातून बाहेर पडून डावीकडं वळले. तात्यांच्या गोठ्याकडं.

"भावजी," मागून काकू लगबगीनं म्हणाल्या, "ती हौशी नव्या माणसाला लाथ मारती."

"मारू दे," अण्णा म्हणाले. "मी आधीच यायला पाहिजे होतं."

तात्या आमच्याजवळच राहिले. उपड्या घमेल्यावर बसून काट्यावर डोळा ठेवून. भिंतीपलीकडून चरवीत धारांचा आवाज येत होता, आधी पातळ, मग फेसाळ, दाट. तात्या जरा वेळ ऐकत बसले.

"कसली निवड म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"हिला पव्हायला मी शिकवलंय," ते दादाला म्हणाले, जणू दादाला ते माहीतच नव्हतं. "पहिल्या दिवशी माझ्या मानेला अशी मिठी मारलीवती की मीच बुडणार होतो."

सकाळी दादानं कागद सोडवला. साडीचा तुकडा करकर करत सोलून निघाला आणि खालची जागा घट्ट, सपाट, एकही बुडबुडा नसलेली निघाली. दादानं बोटाच्या पेरानं टिचकी मारली. खणकन वाजलं. त्यानं पुन्हा मारली. मग मी मारली. आतून सापडलेली ती दुसरी चीर केसाएवढी होती, पण बसायच्या जागेला लागूनच. ती दिसली नसती आणि निवडीच्या दिवशी मी जोर लावला असता, तर होडी तिथंच दुमडली असती. दादानं ती रात्रीच नीट भरून काढली होती.

त्या निवडीचं पुढं काय झालं, असं लोक विचारतात. झाली माझी निवड. नंतरही बऱ्याच ठिकाणी वल्हवलं, बऱ्याच नद्यांचं पाणी बघितलं. आता मी मुलींना वल्हवायला शिकवते. पण मला कुणी शर्यतींबद्दल विचारलं की डोळ्यांसमोर पहिली येते ती निवडीच्या आदल्या दिवशीची सकाळ, घाटावरची.

होडी पाण्यात घातली, बसले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे हात मागं नेऊन तळ चाचपला. कोरडा होता. दोनचार जोरदार वल्ही मारली, पुन्हा चाचपला. कोरडा. नदीच्या मध्यापर्यंत गेले, वळले, अंगात होती नव्हती ती ताकद लावून घाटाच्या दिशेनं आले आणि वल्हं आडवं धरून होडी नुसती वाहू दिली. तळ कोरडाच. इतका मोठा उसासा टाकला की होडी हलली.

तेव्हा मला आवाज ऐकू आले. घाटाच्या पायऱ्यांवर अण्णा आणि तात्या उभे होते, हातवारे करत बोलत.

"डाव्या अंगाला झुकतीय. भरतनं रेझिन जास्ती लावलंय तिकडं."

"डोळं गेलं का तुझं? उजवीकडं झुकतीय ती."

"मी हितनं बघतोय न्हवं!"

"मग मी काय मिरजेतनं बघतोय?"

वरच्या पायरीवर रत्नाकाकू आणि आई. आई आदल्या रात्री परत आली होती आणि कुकर बघून झाला होता. दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. धुणं धुणाऱ्या बायका हातातलं थांबवून बघत होत्या. अण्णांचा आवाज चढला, तात्यांचा त्याहून चढला. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांशी साधं भांडणसुद्धा केलं नव्हतं.

"तिलाच विचार!" तात्या गरजले आणि दोघं माझ्याकडं वळले. "सुनेत्रा! खरं सांग, कुणीकडं झुकतीय?"

होडी काट्यावर तोलल्यासारखी सरळ होती. कुठंच झुकत नव्हती. ते सांगितलं असतं तर वाद तिथंच संपला असता.

"अजून एक फेरी मारून बघते," मी ओरडले आणि वल्हं पाण्यात घातलं.